बायपास, झडप, फुप्फुस: डिपॉझिट भरण्याआधी काय विचाराल?

अँजिओग्राफी संपते. नातेवाइकांना आत बोलावतात, पडद्यावर ब्लॉक दाखवतात आणि म्हणतात, "बायपास लागेल, आजच ॲडमिट करून टाका." त्या क्षणी पहिला प्रश्न पैशांचा विचारू नका, वेळेचा विचारा: "थांबता येईल का? किती दिवस?"

हार्ट अटॅक सुरू असेल, बसल्या जागी छातीत दुखत असेल, मुख्य डाव्या धमनीतच मोठा ब्लॉक असेल किंवा हृदयाचं पंपिंग फार उतरलं असेल, तर हॉस्पिटलं बदलत फिरू नका. पण जिना चढताना छाती भरून येते आणि थांबलं की बरं वाटतं, असं महिनोन्महिने चाललेलं दुखणं असेल, तर बहुतेकांच्या हातात काही दिवस असतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इस्केमिया' या पाच हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात अशा स्थिर रुग्णांना लगेच स्टेंट-बायपास करणं आणि आधी औषधांवर ठेवणं, यांत मृत्यूच्या प्रमाणात ठळक फरक दिसला नाही. म्हणून ऑपरेशन टाळा, असं मी सांगत नाही. कागद दुसरीकडे दाखवायला तुम्हाला वेळ आहे, हे सांगते आहे.

दुसऱ्या मताला जाताना अँजिओग्राफीची सीडी, तिचा लेखी रिपोर्ट, टूडी इको, ईसीजी, साखर-क्रिएटिनिनचे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची यादी एवढं न्या. फक्त लेखी रिपोर्टवर सर्जन मत देणार नाही, सीडी हवीच. ती देताना कोणी टाळाटाळ केली तर लेखी अर्ज द्या. वैद्यकीय परिषदेच्या नियमांनुसार मागणीनंतर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. पहिलं मत कार्डिओलॉजिस्टचं असेल तर दुसरं हार्ट सर्जनचं घ्या, आणि उलटही तसंच. तपासणीची फी हजार-दोन हजार जाते. सगळ्या प्रकरणात याहून कामी आलेला खर्च क्वचितच असतो.

मधुमेह असेल आणि तिन्ही धमन्यांत ब्लॉक असतील तर तीन-चार स्टेंट टाकून घेण्याआधी सर्जनला जरूर भेटा. २०१२ च्या 'फ्रीडम' अभ्यासात अशा रुग्णांपैकी पाच वर्षांत स्टेंट गटातले शंभरात सुमारे १६ दगावले, बायपास गटातले सुमारे ११. पक्षाघाताचं प्रमाण मात्र बायपास गटात जास्त होतं, तेही विचारून घ्या. स्टेंटच्या किमतीवर फेब्रुवारी २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे. औषध लावलेला स्टेंट आज ३९ हजारांच्या आसपास मिळतो, जीएसटी वेगळा. बायपासच्या खर्चावर अशी कोणतीही मर्यादा नाही, म्हणून तिथे प्रश्न तुम्हालाच विचारावे लागतात.

कार्ड आधी दाखवा, पैसे नंतर

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता फक्त पिवळ्या-केशरी कार्डापुरती राहिलेली नाही. १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या रेशनकार्डासह राज्यातली सर्व कुटुंबं तिच्यात येतात आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. बायपास, झडप बदलणं, जन्मजात हृदयदोष, छातीची अनेक ऑपरेशन्स तिच्यात आहेत. लागणारे कागद थोडे: रेशनकार्ड, आधार, योजनेचं कार्ड काढलं असेल तर ते. अडतं ते बहुधा नावापाशी. रेशनकार्डावर सुनेचं किंवा नातवाचं नाव चढलेलं नसतं, आधारवर आडनाव वेगळं असतं. ॲडमिट होण्याची तारीख ठरली की त्याच दिवशी दोन्ही कागद शेजारी ठेवून नावं ताडून पाहा. दुरुस्तीसाठी तहसील कार्यालयाचा पुरवठा विभाग गाठावा लागतो आणि त्यात दिवस जातात.

दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. एक, ही योजना कॅशलेस आहे. आधी खिशातून भरलं आणि मागाहून बिल दिलं, तर परतावा मिळत नाही. 'कॅश पेशंट' म्हणून नोंद झाल्यावर योजनेत येणं अवघड होऊन बसतं. म्हणून दाराशीच आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचं, टेबल शोधा. रात्री-अपरात्री तातडीने न्यावं लागलं तर फोनवरून पूर्वसूचना देऊन उपचार सुरू होतात, कागद मागाहून देता येतात. दुसरी, हॉस्पिटल योजनेत आहे एवढं पुरेसं नाही. "सीव्हीटीएससाठी, म्हणजे हृदय आणि छातीच्या शस्त्रक्रियांसाठी, मान्यता आहे का?" असं स्पष्ट विचारा. प्रसूती आणि हाडांसाठी मान्यता असलेल्या हॉस्पिटलात बायपास होणार नाही.

योजनेच्या पॅकेजमध्ये खाट, सर्जन, भूलतज्ज्ञ, औषधं, झडपेसारखं इम्प्लांट, जेवण, डिस्चार्जनंतर १० दिवसांपर्यंतची देखभाल आणि घरी परतण्याचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडंही धरलेलं असतं. हे भाडं मागणारे फार थोडे, म्हणून मुद्दाम सांगते. 'चांगल्या' झडपेसाठी वरचे पैसे, 'स्पेशल' धाग्यासाठी वरचे पैसे, असं कोणी मागितलं तर ते योजनेच्या नियमात बसत नाही. पावती मागा. पावती नाही म्हणाले तर तिथूनच योजनेच्या १५५३८८ या हेल्पलाइनवर फोन लावा.

घरात ७० वर्षांवरचं कोणी असेल तर उत्पन्नाची अट न लावता मोफत उपचारांसाठीचं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते सुरू झालं. आधार पुरतं, चौकशीचा नंबर १४५५५. गोव्यातल्या रहिवाशांसाठी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे आणि बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात हृदयशस्त्रक्रिया होतात. सिंधुदुर्गातून तिकडे जाणार असाल तर गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागतं का, आणि तुमचं कार्ड तिथे चालेल का, हे निघण्यापूर्वी विचारून घ्या.

लहान मुलांच्या हृदयात छिद्र असेल तर पैशांसाठी आवाहनं फिरवण्याआधी अंगणवाडीत, शाळेत किंवा जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची चौकशी करा. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची टूडी इको आणि शस्त्रक्रिया त्यातून मोफत होते. खारघरचं श्री सत्य साई संजीवनी हे बालहृदय रुग्णालयही पूर्ण मोफत आहे. तिथे बिलाची खिडकीच नाही.

धर्मादाय खाट मागावी लागते

पुण्या-मुंबईतली कितीतरी मोठी, काचेच्या दारांची हॉस्पिटलं कायद्याने धर्मादाय ट्रस्टची आहेत. त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी १ लाख ८० हजार, दुर्बल घटकांसाठी ३ लाख ६० हजार. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड लागतं. सवलतीच्या खाटेवर औषधं, साहित्य, इम्प्लांट यांचा हिशोब खरेदी किमतीने होतो आणि त्यातला किमान निम्मा भाग तुम्ही भरायचा असतो. हे आधी माहीत असलेलं बरं, नाहीतर बिल पाहून धक्का बसतो.

बिलिंग काउंटरवर याची चौकशी करून फारसा उपयोग नाही. समाजसेवा विभागात जा, वैद्यकीय समाजसेवकाला भेटा, अर्जाची पोच घ्या. "खाट रिकामी नाही" म्हणाले तर धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर खाटांची स्थिती पाहा आणि जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात तक्रार द्या. जीव धोक्यात असेल तर धर्मादाय हॉस्पिटलला डिपॉझिट न मागता रुग्ण दाखल करून स्थिर करावाच लागतो.

पॅकेजमध्ये काय नाही?

खासगीत स्वतःच्या पैशांनी करणार असाल तर ढोबळ अंदाज असा: जिल्ह्याच्या ठिकाणी जनरल वॉर्डातलं बायपास साधारण दोन ते तीन लाख, पुण्या-मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात साडेतीन ते सहा लाख, स्वतंत्र खोली घेतली तर त्याच्याही वर. झडप बदलायची असेल तर झडपेची किंमत निराळी. पण "पॅकेज किती?" हा प्रश्न अर्धाच आहे. "पॅकेजमध्ये काय नाही?" याचं उत्तर लेखी घ्या.

सहसा बाहेर राहणाऱ्या गोष्टी अशा: ठरलेल्या सात-आठ दिवसांपुढची प्रत्येक रात्र, ठरलेल्या तासांपुढचा व्हेंटिलेटर, हृदयाला आधार देणारा फुग्याचा पंप, डायलिसिस, भारी अँटिबायोटिक, रक्त, बाहेरून बोलावलेले किडनी-साखर-मेंदूचे डॉक्टर, ॲडमिट होण्याआधीच्या तपासण्या. बीटिंग हार्ट, म्हणजे धडधडत्या हृदयावरच्या बायपासच्या, पद्धतीत हृदयाचा भाग स्थिर धरणारं एकदाच वापरायचं उपकरण आत आहे की बाहेर, हेही विचारा. एस्टिमेटच्या वर किमान २० ते ३० टक्के रक्कम हाताशी ठेवा.

खोली निवडताना सावध राहा. बऱ्याच हॉस्पिटलांत खोलीच्या वर्गावर सगळंच बदलतं: सर्जनची फी, ओटीचं भाडं, तपासण्यांचे दर. ऑपरेशन तेच, टेबल तेच, सर्जन तोच. पहिले दोन-तीन दिवस तर रुग्ण आयसीयूतच असतो, डिलक्स खोलीत त्याची पिशवी राहते. दिवसाला ५ हजारांवरच्या खोलीला जुलै २०२२ पासून जीएसटीही लागतो.

विम्यात हीच खोली सर्वांत महागात पडते. समजा पॉलिसी ५ लाखांची, खोलीभाड्याची मर्यादा १ टक्का, म्हणजे ५ हजार. तुम्ही ८ हजारांची खोली घेतली. कंपनी फक्त वरचे तीन हजार कापून थांबत नाही. सर्जन, भूलतज्ज्ञ, ओटी यांचे मिळून २ लाख ४० हजार झाले असतील तर पाच-अष्टमांश, म्हणजे दीड लाखच मंजूर होतात. ९० हजार तुमच्या खिशातून. औषधं, साहित्य, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयू यांना मात्र ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही. कापली असेल तर दाखवून द्या आणि पैसे परत मागा. कॅशलेसची पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची तीन तासांत द्यायची, असा विमा नियामकाचा २०२४ चा आदेश आहे. त्यापुढच्या विलंबामुळे हॉस्पिटलने जादा आकारणी केली तर ती कंपनीने सोसायची. दावा नाकारला तर विमा लोकपालाकडे तक्रार फुकट करता येते, वकील लागत नाही. लोकपालांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत.

रक्ताबद्दल: रक्ताला किंमत नसते, प्रक्रियाशुल्क असतं. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेच्या २०२२ च्या दरांनुसार खासगी रक्तपेढीत लाल पेशींच्या एका पिशवीचे १,५५० रुपये, जादा चाचण्यांचे वेगळे. "आधी चार डोनर आणा, मगच ऑपरेशन" अशी सक्ती करता येत नाही. स्वखुशीने द्या, जरूर द्या. पण गावाकडून डोनर येईपर्यंत ऑपरेशन अडवलं जात असेल तर ते चुकीचं आहे.

जादा पैशांची पद्धत जादा चांगली असते का?

बायपास दोन तऱ्हांनी होतं. हृदय थांबवून हार्ट-लंग मशीनवर, किंवा धडधडतं ठेवून. आपल्याकडे दुसरी पद्धत जास्त चालते आणि काही ठिकाणी ती श्रेष्ठ म्हणून विकली जाते. १९ देशांतल्या ४,७५२ रुग्णांच्या 'कोरोनरी' अभ्यासात पाच वर्षांनंतर मृत्यू, हार्ट अटॅक, पक्षाघात, किडनी निकामी होणं यांत दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही. तुमच्या सर्जनचा हात ज्या पद्धतीवर बसला आहे, ती तुमच्यासाठी चांगली. निव्वळ 'बीटिंग हार्ट' या नावासाठी जादा पैसे देऊ नका.

खरा फरक पडतो तो नळी कुठली जोडली यावर. छातीच्या आतल्या बाजूची धमनी, सर्जन तिला 'लिमा' म्हणतात, पुढच्या मुख्य धमनीला जोडली तर दहा वर्षांनंतरही शंभरातल्या नव्वदांहून अधिक उघड्या राहतात. पायातल्या शिरांपैकी तोवर निम्म्याच्या आसपास बंद पडतात. म्हणून विचारा: "लिमा वापरणार ना? नसेल तर का नाही?" यासाठी जादा पैसे पडत नाहीत.

फासळ्यांमधून छोट्या छेदाने होणाऱ्या बायपासमध्ये छातीचं हाड कापत नाहीत, माणूस कामावर लवकर जातो. पोट मजुरीवर असणाऱ्याला त्याचं मोल आहे. पण खर्च जास्त, प्रत्येकाला ते चालत नाही आणि सर्जनचा सराव हवाच. मांडीतून झडप बसवण्याच्या पद्धतीत छाती उघडावीच लागत नाही, बिल मात्र बहुतेक वेळा दहा लाखांच्या पुढे जातं. वय जास्त किंवा उघडं ऑपरेशन झेपणारं नसेल तर तिचा विचार करा.

झडप निवडताना आजची किंमत बघू नका, पुढची पंधरा वर्षं बघा. मेकॅनिकल झडप टिकते दीर्घकाळ, पण रक्त पातळ ठेवणारी गोळी आयुष्यभर आणि रक्त किती पातळ आहे हे बघणारी आयएनआर तपासणी दर महिन्याच्या आसपास. तुमच्या तालुक्यात ही तपासणी होते का? नसेल तर येण्याजाण्याचा खर्च आणि बुडालेला रोज हाही झडपेचाच खर्च आहे. गोळी चुकली तर झडप गुठळीने अडकते, जास्त झाली तर रक्तस्राव होतो. प्राण्यांच्या ऊतींपासून केलेल्या झडपेला सहसा ही गोळी आयुष्यभर लागत नाही. पण ती दहा-पंधरा वर्षांत झिजते, तरुणपणी आणखी लवकर, आणि मग दुसरं ऑपरेशन. मूल हवं असलेल्या बाईने हे सर्जनशी मोकळेपणी बोलायलाच हवं, कारण वॉर्फरिनसारख्या गोळ्यांनी गर्भाला अपाय होऊ शकतो. लग्न ठरायचं आहे म्हणून आई-वडील हा विषय टाळतात, तसं करू नका. मेकॅनिकलमध्ये त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेत विकसित झालेली देशी झडप १९९० पासून वापरात आहे आणि परदेशी झडपांपेक्षा स्वस्त आहे. तिचा पर्याय विचारा.

छातीच्या, म्हणजे फुप्फुसाच्या ऑपरेशनचं गणित निराळं. टीबी किंवा न्यूमोनियानंतर फुप्फुसाभोवती पू साठतो, नळी टाकतात. नळी टाकूनही ताप उतरत नसेल, नळीतून काही येत नसेल, तर आठवडे घालवू नका. लवकर गेलात तर दुर्बिणीतून साफ करता येतं. उशीर झाला की पुवाची जाड साल धरते, मग मोठा छेद, जास्त दिवस, जास्त बिल. दुर्बिणीचं ऑपरेशन ठरलं तरी आत फुप्फुस चिकटलेलं निघालं तर उघडावं लागतं, म्हणून दोन्हींचा आकडा आधी घ्या. फुप्फुसाचा भाग काढायचा असेल तर स्टेपलर लागतो. त्याचं प्रत्येक कार्ट्रिज एकदाच वापरायचं, एकेक काही हजारांचं. एस्टिमेटमध्ये "स्टेपलर" एवढंच लिहिलेलं असतं, बिलात कार्ट्रिजची संख्या वाढत जाते. "साधारण किती लागतील? न वापरलेली परत घेणार का?" हे आधीच विचारा, आणि बिलासोबत वापरलेल्या प्रत्येक कार्ट्रिजचा स्टिकर मागा.

सर्जनला विचारायला लाजू नका

आपल्याकडे हॉस्पिटलनिहाय निकाल जाहीर करण्याची सक्ती नाही. न्यूयॉर्क राज्यात १९९० च्या दशकापासून सर्जननिहाय मृत्युदर छापले जातात. इथे ते तुम्हालाच विचारावे लागतात: गेल्या वर्षी अशी ऑपरेशन्स किती केली? नियोजित रुग्णांपैकी किती दगावले? रक्तस्रावामुळे किती पुन्हा उघडावे लागले? चांगला सर्जन या प्रश्नांनी दुखावत नाही. नियोजित पहिल्या बायपासमध्ये जोखीम साधारण शंभरात एक ते तीन असते. पंपिंग कमी, किडनी खराब, तातडीचं ऑपरेशन असेल तर ती वाढते. 'युरोस्कोर' नावाच्या मोफत गणकात तुमची माहिती भरून सर्जन तुमचा स्वतःचा आकडा काढू शकतो. तो फाइलमध्ये लिहून मागा.

ऑपरेशनला काही दिवस असतील तर बिल कमी करण्याचं काम तुमच्याच हातात आहे. साखर ताब्यात आणा, कारण छातीच्या हाडाची जखम चिघळली की हॉस्पिटलातला मुक्काम आठवड्यांनी वाढतो. बिडी-सिगारेट-तंबाखू आजच बंद. झडपेचं ऑपरेशन असेल तर दात आधी दाखवा, किडका दात पुढे नव्या झडपेला बाधतो. श्वासाच्या व्यायामाचं, तीन छोट्या चेंडूंचं स्पायरोमीटर आधीच आणून फुंकायचं नाही, ओढायचं, हे शिकून ठेवा. रक्त पातळ करणाऱ्या कोणत्या गोळ्या किती दिवस आधी थांबवायच्या हे सर्जनकडून लिहून घ्या, स्वतःच्या मनाने काही थांबवू नका.

नंतरचा खर्चही धरा. गोळ्या वर्षानुवर्षं चालतात. जनऔषधी केंद्रात त्याच औषधांचे दर बरेच कमी असतात. हाड जुळेपर्यंत दोन-तीन महिने चार-पाच किलोंवर उचलणं नाही, दुचाकी नाही. शेतीचा हंगाम, दुकानाचा सीझन, मुलीची परीक्षा बघून तारीख ठरवा, आणि रोजंदारीवर असाल तर तेवढ्या बुडालेल्या मजुरीची तजवीज आधी करा. डिस्चार्जनंतर ठोके अनियमित वाटले, ताप आला, जखमेतून पाणी आलं किंवा छातीचं हाड 'कट्' वाजलं तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता परत जा.

बिल तपशीलवार, बाबवार मिळणं हा तुमचा हक्क आहे. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांतल्या २०२१ च्या दुरुस्तीनुसार रुग्णहक्कांची सनद आणि मुख्य सेवांचे दर दर्शनी भागात लावावेच लागतात. बिलासाठी मृतदेह अडवून ठेवता येत नाही. आधी हॉस्पिटलच्या तक्रार कक्षात लेखी द्या, मग महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे किंवा जिल्हा शल्यचिकित्सकाकडे, आणि प्रत्येक ठिकाणी पोच घ्या.

घरी निघताना फाइलमध्ये एवढं आहे ना, ते बघा: डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद, कुठली नळी कुठे जोडली त्याचा आकृतीसह कागद, अँजिओग्राफीची सीडी, शेवटची टूडी इको, सर्व पावत्या, आणि झडप बसवली असेल तर तिच्या खोक्यावरचा अनुक्रमांकाचा स्टिकर. त्याचा फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा.